रिपोर्ट बनवणं फुकट, दाखवणं विकत

मागच्या महिन्यात भोरच्या गाडीतून स्वारगेटला उतरलो, तर आमच्या गल्लीतला एक पोरगा स्टँडवर माझी वाट बघत उभा होता. नाव लिहीत नाही, गावात सगळे ओळखतील. बी.कॉम. झालेला, संध्याकाळचा कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, दोन वर्षांपासून मार्केट यार्डाच्या बाजूला एका होलसेल व्यापाऱ्याकडे एमआयएसला. जेधे चौकाच्या कडेला दोन चहा सांगितले. त्याचा तसाच राहिला. म्हणाला, "दादा, माझी नोकरी जाणार बहुतेक. उधारीची यादी बाहेर गेली."

उधारीची यादी म्हणजे काय, हे दुकानदाराच्या घरात वाढलेल्याला सांगायला नको. कुणाकडे किती थकलेत, किती दिवसांपासून, कुणाचा माल थांबवलाय. त्यात आपल्या भागातली तीस-चाळीस दुकानं होती. माझ्या घरासमोरचं किराणा दुकानही होतं. माणूस रोज सकाळी दुकानापुढं पाणी मारून नमस्कार करतो, आणि आता अर्ध्या बाजारपेठेला माहिती की त्याचे अमुक इतके नव्वद दिवसांपासून अडकलेत. छोट्या गावात पैसे बुडाले तर माणूस सावरतो एकवेळ, पत गेली की अवघड.

मला वाटलं पोरानं यादी कुणाला तरी विकली असणार. पत्रकाराचं डोकं, संशय आधी येतो. पण झालं होतं वेगळंच, आणि ते ऐकल्यापासून मी ज्याला त्याला हेच सांगत सुटलोय. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण ज्यांच्या ऑफिसात 'डॅशबोर्ड' हा शब्द शिरलाय त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

या पोरानं शेठसाठी पॉवर बीआयमध्ये रिपोर्ट बनवला होता. मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर, २०१५ साली आलं. एक्सेलचे आकडे, बिलिंगचे आकडे त्यात ओढायचे, की रंगीत तक्ते तयार. कुठल्या रूटवर किती माल गेला, कोणता सेल्समन मागे आहे, वसुली कुठं अडकली, सगळं एका पानावर. त्याचं डेस्कटॉपचं सॉफ्टवेअर फुकट आहे. यूट्यूबवर बघून शिकता येतं, हिंदीत तर ढीग पडलाय. पोरानं तीन महिने रात्री जागून बनवला. शेठ खूश. म्हणाले, "झकास. आता सगळ्यांना दाखव. बाराही जणांच्या मोबाईलवर पाहिजे."

माशी इथंच शिंकली.

बनवायला पैसे नाहीत, दाखवायला आहेत. फुकट खात्यात रिपोर्ट टाकला तर तो तुमचा तुम्हालाच दिसतो. दुसऱ्याला द्यायचा तर प्रो नावाचं लायसन्स घ्यावं लागतं. पोरानं शेठला सांगून एक लायसन्स घेतलं आणि लिंक पाठवल्या. एकाचीही उघडेना. कारण लायसन्स देणाऱ्याला लागतं तसं घेणाऱ्यालाही लागतं. ज्याला नुसतं बघायचंय, एक बटणही दाबायचं नाही, त्यालाही. (शिवाय साध्या जीमेलवर खातं निघत नाही, ऑफिसचा ईमेल लागतो. आपल्याकडच्या किती दुकानांत ऑफिसचा ईमेल असतो, बघा.)

दर किती? अमेरिकेतला जाहीर दर माणशी महिन्याला १० डॉलर होता, १ एप्रिल २०२५ पासून १४ डॉलर झाला. साधारण बाराशे रुपये धरा, कर वेगळा. बारा माणसांचे वर्षाला पावणेदोन लाखांच्या घरात जातात. शेठनी हिशोब ऐकला आणि जे कुठलाही शेठ म्हणेल तेच म्हणाले, "तेवढ्यात एक माणूस येतो. तू काहीतरी कर."

हे 'तू काहीतरी कर' आपल्याकडचं सगळ्यात महाग वाक्य आहे.

त्या पोराच्या जागी कुणीही असता तर जे केलं असतं तेच क्रमानं त्यानं केलं. आधी स्क्रीनशॉट. रोज सकाळी नऊ वाजता बारा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचे. दोन आठवड्यांत लोक म्हणायला लागले, माझ्या एरियाचा दिसत नाही, आकडे बारीक आहेत. मग एकच पासवर्ड सगळ्यांना. एका नावानं बारा जण आत. हे कराराच्या अटींत बसत नाही, ते असो, पण त्यापेक्षा मोठी अडचण अशी की कुणी काय पाहिलं, काय उतरवून घेतलं, काहीच कळत नाही. आणि एक जण नोकरी सोडून समोरच्या व्यापाऱ्याकडे गेला, तर पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. मधे त्यानं मूळ फाईलच पेनड्राइव्हवर देऊन पाहिली. फाईल कुणाच्याही कॉम्प्युटरवर उघडते हे खरं, पण तिच्यात बहुतेक वेळा सगळा डेटा असतो. सेल्समनला फक्त त्याचा भाग दिसावा म्हणून जी बंधनं घातलेली असतात, ती ज्याच्या हातात मूळ फाईल आहे त्याला लागू होत नाहीत.

शेवटी त्याला ते बटण सापडलं. वेबवर प्रकाशित करा. लायसन्स नको, पासवर्ड नको, लिंक दाबली की रिपोर्ट समोर. ही सोय आधी ॲडमिननं चालू करून द्यावी लागते, पण दहा-बारा माणसांच्या दुकानात ॲडमिन कोण? तोच. दाबताना सूचना येते, की हे आता इंटरनेटवर कुणालाही दिसेल. इंग्रजीत येते. त्यानं वाचली, पण 'कुणालाही' म्हणजे 'ज्याच्याकडे मी लिंक पाठवली त्या कुणालाही' असा अर्थ लावला. लिंक एका सेल्समननं एका दुकानदाराला पाठवली, का तर "बघा, तुमचंच नाव वर आहे, यावेळी तरी द्या". दुकानदारानं ती व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकली. पुढचं सांगायची गरज नाही.

त्यानं लिंक त्याच दिवशी बंद केली. पण लोकांच्या मोबाईलमध्ये फोटो राहिलेच.

मी शेठना भेटलो. माणूस वाईट नाही. दहावीनंतर वडिलांच्या गादीवर बसलेला, हिशोबाला पक्का. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "मी यंत्र घेतलं. यंत्राकडे कोण बघतं त्याचे पैसे वेगळे, हे मला कुणी आधी सांगितलं का?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वजनकाटा घेतला तर काट्याकडे बघणाऱ्या गिऱ्हाइकाचं भाडं कुणी मागत नाही. सॉफ्टवेअरच्या धंद्यात मागतात, आणि ते बेकायदेशीरही नाही. कंपनीनं ते बनवलंय, सर्व्हर तिचे, दर लावायचा तिला हक्क आहे. अटी तिच्या पानावर लिहिलेल्या आहेत. टॅब्लो घ्या, तिथंही नुसतं बघणाऱ्याचा वेगळा दर आहे. सगळा बाजारच असा आहे. मोठ्या कंपनीला ठीक जातं, ती जागाच अशी घाऊक घेते की आतल्या कितीही लोकांना लायसन्सशिवाय बघता येतं. पॉवर बीआयमध्ये त्या जागेला एफ-६४ म्हणतात. वर्षाच्या बोलीवर घेतली तरी महिन्याला पाचेक हजार डॉलर. म्हणजे हजार-दोन हजार माणसांच्या कंपनीला दर माणशी स्वस्त पडतं आणि बारा माणसांच्या दुकानाला महाग. घाऊक आणि किरकोळचा फरक शेठना मी समजावणार होतो, मग लक्षात आलं की तो त्यांनाच जास्त कळतो.

आता काही जण म्हणतील, एका व्यापाऱ्याच्या दुकानातली भानगड, तुम्ही तालुक्याच्या प्रश्नांवर लिहिता, हे मधेच काय? सांगतो. स्वारगेटहून परत येताना गाडीत बसल्या बसल्या मला सहा महिन्यांपूर्वीची एक बैठक आठवली. एक सरकारी कार्यालय, कुठलं ते सांगत नाही, कारण विषय एका कार्यालयाचा नाही. मोठ्या पडद्यावर डॅशबोर्ड लावला होता. गावनिहाय कामं, खर्च, किती पूर्ण, किती अपूर्ण. लाल, पिवळा, हिरवा. आम्ही चार-पाच पत्रकार समोर. साहेब फार अभिमानानं दाखवत होते आणि काम खरंच चांगलं होतं. मी म्हटलं, साहेब, याची लिंक द्या, गावागावाचं नीट बघून लिहितो. साहेबांनी तांत्रिक माणसाकडे बघितलं. तो म्हणाला, "लिंक चालणार नाही सर, लायसन्स लागतं. पाहिजे तर फोटो काढा."

आम्ही फोटो काढले. लांबून, वाकडे, पंख्याच्या सावलीसकट. दुसऱ्या दिवशी बातम्या छापल्या, माझीही. त्यात फक्त एकूण आकडे होते, कारण गावांची नावं फोटोत वाचताच येत नव्हती.

बाहेर पडताना एका ग्रामसेवकाशी बोललो होतो. त्या पडद्यावरच्या त्याच्या गावाचे आकडे त्यानंच भरलेले. दर शुक्रवारी भरतो. मी विचारलं, तुम्हाला दिसतं का हे? म्हणाला, "आम्हाला भरायची लिंक आहे. बघायची वरच्यांना." त्याच्या गावासमोर लाल रंग होता. का, ते त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कामाची तारीख चुकून मागची पडली होती. त्याला आधी दिसलं असतं तर दोन मिनिटांत दुरुस्त झालं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. बघण्याला माणशी दर लागला की कोणाला बघू द्यायचं हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना यादी वरून सुरू होते. साहेब, उपसाहेब, कक्ष अधिकारी. लायसन्स संपतात आणि यादी खाली पोचतच नाही. आकडा जिथं जन्मतो तिथला माणूस पहिला गळतो. आणि ज्याच्या पैशाचा तो आकडा आहे तो, म्हणजे तुम्ही-मी, यादीत कधी नसतोच. कुणी मुद्दाम लपवलं असं नाही. लपवायला निदान कुणाला तरी ठरवावं लागतं, इथं तर खरेदीच्या कागदावरच्या एका आकड्यानं काम होतं.

खाजगी दुकानात हा शेठचा निर्णय, त्याचे पैसे, त्याचा माल. सरकारी ठिकाणी तसं नाही, कारण तिथं कायदा आहे. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४. बऱ्याच जणांना वाटतं हा कायदा म्हणजे अर्ज करायचा आणि तीस दिवस थांबायचं. कलम ४ अर्जाचं नाहीच. कार्यालयानं स्वतःहून काय जाहीर करायचं त्याचं आहे. त्यातल्या चौथ्या पोटकलमात म्हटलंय की माहिती देताना खर्च, स्थानिक भाषा आणि लोकांपर्यंत पोचायचं सगळ्यात परिणामकारक साधन यांचा विचार करावा, ती सहज मिळावी, शक्य तिथं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, आणि एक तर फुकट, नाहीतर माध्यमाचा किंवा छपाईचा जो खर्च ठरवून दिलेला असेल तेवढ्याच किमतीत. माध्यमाचा खर्च म्हणजे कागद, सीडी. परदेशी कंपनीचं महिन्याचं लायसन्स यात कसं बसतं, ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

आणि हे आपल्याला जमत नाही असंही नाही. सातबारा घ्या. एकेकाळी तलाठ्याच्या मागे आठ-आठ दिवस फिरणारी माणसं मी पाहिलीत, माझे वडील त्यातले. आज महाभूलेखवर गट नंबर टाकला की कुणाचाही सातबारा बघता येतो. बघायला पैसे नाहीत. डिजिटल सहीचा, कामाला चालणारा पाहिजे असेल तर १५ रुपये. किती सरळ व्यवहार आहे बघा, पैसे सहीचे आहेत, डोळ्यांचे नाहीत. आणि हा सातबारा कॉम्प्युटरवर चढवताना झालेल्या चुका काढायला २०१७ मध्ये राज्यात चावडी वाचन घेतलं. गावात बसून नावं, क्षेत्र, पीक मोठ्यानं वाचायचं, ज्याचं चुकलं असेल त्यानं उठून सांगायचं. आमच्याकडच्या वाचनाला मी होतो. एका म्हातारीनं भर चावडीत सांगितलं की तिच्या दिराच्या नावापुढं मयत लागलंय आणि दीर तिच्या शेजारी बसलाय. हसून हसून पुरेवाट झाली, पण चूक सापडली. ज्याचा आकडा त्याला दाखवला की असं होतं.

पुण्यातलंच दुसरं उदाहरण. पुणे महापालिकेनं २००९ मध्ये, महेश झगडे आयुक्त असताना, सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फायली बघायला द्यायची पद्धत सुरू केली. अर्ज नाही, ओळख नाही. या, बसा, फाईल बघा. पुढं २०१८ मध्ये राज्य शासनानंही जिल्ह्यांतल्या कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना आठवड्याला अशी वेळ ठेवायला सांगितलं. फाईल कागदाची होती तोवर हे चाललं. आता फाईल पडद्यात गेली, तर सोमवारी ३ वाजता मी जाऊन काय बघायचं? त्या पडद्यासमोर मला बसवणार का? कुणाच्या लॉगिननं?

सगळंच उघडं टाका असं मी म्हणत नाही. उधारीच्या यादीनं काय होतं ते आत्ताच सांगितलं. कुणाला कुठला आजार, कुणाला कुठलं अनुदान, कुणाचा बँक खाते नंबर, हे बाहेर जाताच कामा नये, आणि सरकारी माणसानं 'वेबवर प्रकाशित करा' दाबलं तर एका दुकानाचं नाही, सगळ्या तालुक्याचं नुकसान होईल. पण नाव काढून गावाचा आकडा देता येतो. रस्त्यावर किती खर्च झाला, टँकरच्या किती खेपा झाल्या, यात कुणाची खाजगी बाब आहे?

खर्चाचं म्हणाल तर वाटा आहेत. तयार रिपोर्टची पीडीएफ डेस्कटॉपवरूनच फुकट निघते. महिन्याला एक काढून संकेतस्थळावर टाकली आणि एक प्रत नोटीस बोर्डाला लावली तरी निम्मं काम झालं. खालचा डेटा एक्सेलमध्ये सोबत दिला तर उरलेलं. गुगलच्या लुकर स्टुडिओत बघणाऱ्याचे पैसे नाहीत. सुपरसेट, मेटाबेस अशी मुक्त सॉफ्टवेअर आहेत, त्यांच्या मोफत आवृत्तीत माणशी लायसन्स नसतं. तिथं खर्च सर्व्हरचा आणि ते सांभाळणाऱ्या माणसाचा असतो, आणि तो माणूस फुकट मिळतो असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण तो पगार आपल्याच एखाद्या पोराला जातो. केंद्र सरकारचं २०१५ चं धोरण तर सांगतं की सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्या, आणि नाही घेतलं तर का नाही ते लिहून ठेवा. राज्यांना ते ऐच्छिक आहे. तरी 'का नाही' हा प्रश्न विचारायला कुणाची ना आहे?

निविदा काढताना एक ओळ घातली तरी पुरे, की हा रिपोर्ट किती लोक बघणार आणि त्यांचे पैसे कोण देणार. आत्ता निविदेत लिहितात 'डॅशबोर्ड विकसित करणे, नग १'. नग १! विहीर खणली, नग १, पाणी कोण भरणार ते पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात.

पोराचं काय झालं ते राहिलं. नोकरी गेली नाही. मी मध्यस्थी केली म्हणून नाही, शेठच दोन दिवसांनी थंड झाले. दोघांनी मिळून दुकानदारांना फोन केले, माफी मागितली. तिघांनी माल घेणं बंद केलं. आता तीन लायसन्स आहेत, शेठ, मुनीम आणि पोरगा. बाकीच्या सेल्समनना संध्याकाळी साडेसहाला आपापल्या रूटची पीडीएफ जाते, फक्त त्यांच्या दुकानांची. पोरगा म्हणतो, रोज वीस मिनिटं जातात, पण झोप लागते. समोरच्या किराणावाल्याला मी काही बोललो नाही. त्यानं मागच्या आठवड्यात सगळी बाकी भरली म्हणे, सोन्यावर पैसे उचलून.

आणि त्या बैठकीतल्या डॅशबोर्डबद्दल मी काल माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. आपल्या राज्यात दीडशे शब्दांत बसवावा लागतो, तो बसवला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. विचारलंय एवढंच, की बघण्याची लायसन्स किती घेतली, कुठल्या पदांना दिली, वर्षाला खर्च किती, आणि पडद्यावर दिसणारे गावनिहाय आकडे एक्सेलमध्ये मिळावेत. आवक शिक्क्यावर तारीख आहे. महिन्यानं काय उत्तर येतं ते इथंच टाकतो. तोवर तुमच्यापैकी कुणी असे आकडे भरत असेल आणि ते बघायला मिळत नसतील, तर मला फोन करा. नाव छापणार नाही.